येथे अर्थ उलटा आहे

आल्टरनेटर ही वस्तू न बघता मी चोपन्न वर्षं जगलो आणि त्या चोपन्न वर्षांत माझं काहीही अडलं नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण आमच्या इमारतीत हल्ली असं बोललं जातं की मला गाड्यांची पहिल्यापासून हौस होती. नव्हती. बायकोलाही नव्हती. तिला फक्त तिच्या वडिलांची गाडी हवी होती.

माझे सासरे जमीनमोजणी खात्यात होते. ओढे, दगड, चढ, चिखल काहीही असलं तरी चारही चाकं फिरवून वर चढणारी एक गाडी खात्याने मोडीत काढली, ती त्यांनी घेतली. घरात तिचं नाव रानगाडी. सासरे गेल्यावर वाटणी झाली. थोरल्या मेहुण्यांनी घर घेतलं, धाकट्याने जमीन घेतली, आणि माझी बायको म्हणाली, "मला रानगाडी द्या." सगळे हसले. तिला हसायला काय झालं ते कळलं नाही. याच गाडीवर ती गाडी चालवायला शिकली होती.

त्यानंतर परिवहन कार्यालयाचं पत्र आलं. पंधरा तारखेला अखेरची तपासणी. वाहन पास न झाल्यास नोंदणी रद्द, वाहन भंगारात. पत्रात दिलगिरीचा एक शब्द नाही. कागदोपत्री गाडी अजून थोरल्या मेहुण्यांच्या नावावर होती. ते तिला म्हणाले, "हे बघ, पंधराला पास झाली तर मी तिथल्या तिथे तुझ्या नावावर सही करून देतो. नाही झाली तर भंगारवाला तिथूनच उचलेल. परत ओढत आणायची नाही." मग माझ्याकडे वळून, "भाऊजी, जमणार आहे का?"

माणसाने अशा वेळी गप्प बसावं. मी म्हणालो, "मी बघतो."

बघण्यासारखं एकच होतं. गाडी चालताना बॅटरी भरणारा जो डायनॅमो असतो तो मेला होता. मी तो काढून वाइंडिंगवाल्याकडे नेला. त्याने तो कानाशी धरून हलवला, आतून मूठभर काहीतरी खुळखुळलं. "हा गेला," तो म्हणाला. "आता डायनॅमो कोण वापरतं? आल्टरनेटर टाका. काम तेच, पण गाडी हळू चालली तरी भरतो." एवढं बोलून त्याने माझा डायनॅमो कोपऱ्यातल्या ढिगावर फेकला. मला परत हवा आहे का, हे विचारलंही नाही.

आता आल्टरनेटर टाका म्हणजे कुठला टाका? हा प्रश्न मी चुकून जिन्यात उच्चारला. आमच्या इमारतीत पाणी आलं नाही तर चार दिवस कोणी बोलत नाही, पण दुसऱ्याच्या अडचणीवर बोलायला दहा मिनिटांत सहा माणसं जमतात. वीज कंपनीतून निवृत्त झालेले तळमजल्यावरचे गृहस्थ, ज्यांना सगळे 'फेज' म्हणतात, ते म्हणाले, "मोठ्यात मोठा घ्या. वीज जास्त झाली म्हणून कोणी मेलेलं मी बघितलं नाही." वीज कंपनीत तीस वर्षं काढलेल्या माणसाने हे वाक्य बोलावं, याचा मला राग आला आणि भीतीही वाटली. दुसऱ्या मजल्यावरचे प्राध्यापक म्हणाले, "छोट्यात छोटा घ्या. वायरी म्हाताऱ्या आहेत, पेलणार नाहीत." ते इतिहासाचे प्राध्यापक. म्हाताऱ्या गोष्टींबद्दल त्यांना बोलायचा अधिकार आहे, असं त्यांनीच सांगितलं. सोसायटीच्या सेक्रेटरीबाई म्हणाल्या, "कुठलाही घ्या, पण पार्किंगमध्ये तेल सांडलं तर नोटीस काढीन." एवढ्या सगळ्यांत स्वच्छ बोललेल्या त्या एकट्या.

मी सरकारी छापखान्यात मुद्रितशोधक आहे. लोकांनी लिहिलेल्यातल्या चुका काढणं हा माझा धंदा. त्यामुळे एखाद्या दुकानात जाऊन 'मला यातलं कळत नाही' असं सांगायला माझी जीभ वळत नाही. स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरमागे हाताची घडी घालून एक जाडा माणूस उभा होता. त्याने गाडीचं साल विचारलं. मी सांगितलं. त्याने आतल्या माणसाला साल ओरडून सांगितलं. आतून हसण्याचा आवाज आला.

"ट्रॅक्टरचा बसेल," तो म्हणाला. "पट्टा रुंद आहे का?"

"बराच रुंद."

"ब्रॅकेट?"

"आहे."

"अर्थ सरळच ना?"

इथे थांबा. वाचकाने इथे थांबून माझी बाजू समजून घ्यावी. एक माणूस तुमच्याशी बोलतोय, दोन प्रश्न विचारतोय आणि शेवटी म्हणतो, अर्थ सरळच ना? कुठलाही मराठी माणूस याचा अर्थ असाच घेईल की, कळलं ना, यात काही गूढ नाही ना? मी एकतीस वर्षं सरकारी मजकुराचे अर्थ लावतोय. मी तोऱ्यात म्हणालो, "अगदी सरळ."

त्याने खोका बांधून दिला.

रविवारी सकाळी बॉनेट उघडलं. बायको शेजारी उभी. आतल्या पत्र्यावर सासऱ्यांच्या अक्षरात, पांढऱ्या ऑइलपेंटने लिहिलेलं होतं : 'येथे अर्थ उलटा आहे. लक्षात असावे.'

सासऱ्यांना अशी सवय होती. घरात जिथे तिथे लिहून ठेवायचे. पाण्याच्या टाकीवर 'भरली म्हणून उधळू नये'. औषधाच्या कपाटावर 'घेणाऱ्याने मोजावे'. बायकोने रुमालाने ती ओळ पुसली, म्हणजे धूळ पुसली. "मी सात वर्षांची होते," ती म्हणाली, "बाबांनी उचलून दाखवलं होतं मला हे. म्हणाले, हे कधी विसरायचं नाही." ती शाळेत मुख्याध्यापिका आहे. दर वर्षी निरोपाच्या भाषणात ती हे वाक्य सांगते. माणसं बोलतात त्याच्या उलट त्यांच्या मनात असतं, रागावणारा माणूस प्रेमाचा असतो, वगैरे. मुलं रडतात. पालक येऊन भेटतात. मीसुद्धा दोनदा ऐकलंय आणि दुसऱ्यांदा थोडा हललो होतो.

"सासरे मोठे होते," मी म्हणालो आणि पाना उचलला.

आल्टरनेटर बसायला पाच तास लागले. ब्रॅकेटचं भोक आणि आल्टरनेटरचं भोक यांच्यात अर्ध्या बोटाचं अंतर होतं. फेज म्हणाले, ठोका. प्राध्यापक म्हणाले, घासा. मी ठोकलं, मग घासलं, मग दोघांना वर पाठवलं आणि मधे तीन वॉशर टाकले. ते बसलं. शेवटी बॅटरीची वायर लावली.

गाडी सुरूही केलेली नव्हती. वायर टेकली तशी चर्र झालं, आल्टरनेटरच्या पाठीतून पांढरा धूर निघाला आणि जळक्या रबराचा वास जिन्याने चौथ्या मजल्यापर्यंत गेला. मी वायर उपसून काढली. सेक्रेटरीबाई गॅलरीत आल्या. "तेल नाही सांडलं," मी वरती ओरडलो. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी वायरिंगवाला आला. हा माणूस बोलताना तुमच्याकडे बघत नाही, तुमच्या मागच्या भिंतीकडे बघतो. दोन चिमटे आणि एक बल्ब एवढीच त्याची हत्यारं. त्याने बॉनेट उघडलं, आत डोकं घातलं, आणि तिथूनच हसायला लागला.

"साहेब, लिहिलंय की हो इथे! एवढ्या मोठ्या अक्षरात!"

"काय लिहिलंय?"

"अर्थ उलटा आहे म्हणून!"

"ते माझ्या सासऱ्यांचं..." मी म्हणालो आणि थांबलो. 'तत्त्वज्ञान' हा शब्द तोंडातच राहिला.

त्याने समजावलं. बॅटरीची एक बाजू गाडीच्या पत्र्याला जोडलेली असते. ती बाजू म्हणजे अर्थ, घरातल्या विजेच्या 'अर्थिंग'मधला. हल्लीच्या सगळ्या गाड्यांत वजाची बाजू पत्र्याला असते, तो सरळ अर्थ. या जुन्या गाडीत अधिकची बाजू पत्र्याला होती. तो उलटा अर्थ. मी सरळ अर्थाचा आल्टरनेटर उलट्या अर्थाच्या गाडीला लावला आणि त्याने एका क्षणात जीव सोडला. "तुमचे सासरे हुशार होते," वायरिंगवाला म्हणाला. "जो कोणी हात लावेल त्याच्यासाठी लिहून ठेवलं. आता वाचलंच नाही तर ते तरी काय करणार!"

वाचलं होतं. मुद्रितशोधकाने वाचलं होतं. एका मुख्याध्यापिकेने सत्तेचाळीस वर्षं वाचलं होतं. मी मागे वळून बघितलं. बायको जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसली होती.

"मी हजारो मुलांना सांगितलंय हो ते," ती म्हणाली.

"चांगलंच सांगितलंस."

"म्हणजे बाबांनी मला काहीच सांगितलं नव्हतं."

"असं कसं? बॅटरीबद्दल सांगितलं होतं की."

काही वाक्यं तोंडातून निघताना बरी वाटतात. ती संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही. जेवताना एवढंच म्हणाली, "आता ती गाडीच राहिली. पंधरा तारखेला ती पास व्हायला पाहिजे." आधी तिला गाडी हवी होती. आता तिच्याकडे गाडीशिवाय काही उरलं नव्हतं, आणि बाकीचं मीच उरू दिलं नव्हतं.

वायरिंगवाल्याने दुसरा आल्टरनेटर आणला आणि गाडीचा अर्थच सरळ करून टाकला. बॅटरी फिरवली, कॉइलच्या वायरी अदलाबदल केल्या. डॅशबोर्डवरचा जो काटा बॅटरी भरतेय की रिकामी होतेय ते दाखवतो, तो मात्र उलटाच राहिला. त्याचे मागचे नट गंजलेले होते, हात लावला असता तर तुटले असते. "काटा वजाकडे गेला की भरतंय असं समजायचं," तो म्हणाला. मी समजायला लागलो. मग त्याने एक छोटा लाल दिवा दाखवला. "हा शोभेचा नाही. याच्यातून आल्टरनेटरला पहिला धक्का मिळतो. हा बल्ब गेला की आल्टरनेटर झोपला."

"मग काय करायचं?"

"दुसरा बल्ब."

"नाही मिळाला तर?"

"तर दोन टोकं वायरने डायरेक्ट जोडायची. पण तसं करू नका."

"का?"

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. तो भिंतीकडे बघत फोनवर बोलत बोलत गेटबाहेर गेला, तो गेलाच. हे 'का' माझ्याकडे तसंच राहिलं. जाण्याआधी त्याने एक सांगितलं होतं, की बॉनेटवरचं ते वाक्य पुसा, नाहीतर पुढचा माणूस फसेल. बायको म्हणाली, पुसायचं नाही. तिने पांढरा रंग आणला आणि 'आहे' खोडून त्या जागी 'होता' लिहिलं. येथे अर्थ उलटा होता. व्याकरणात मला खोट काढता आली नाही.

आता कार्यालय. गाडीत कुठलाही भाग बदलला तर तपासणीआधी अर्ज भरावा लागतो. अर्जात छापलेली यादी आहे. यादीत 'डायनामो' आहे, आल्टरनेटर नाही. मी खिडकीतल्या कारकुनाला म्हणालो, "डायनामो नाही, डायनॅमो," आणि सवयीने लाल पेनने दुरुस्त केलं.

"शासकीय अर्जावर खाडाखोड. रद्द," तो म्हणाला आणि कोरा अर्ज दिला.

"डायनॅमो काढून आल्टरनेटर बसवलाय. कुठे लिहू?"

"यादीत आल्टरनेटर आहे का?"

"नाही."

"मग तो बसवता येत नाही."

"बसवलाय. खाली गाडीत आहे. बघा येऊन."

"मी खिडकी सोडू शकत नाही. डायनामो आहे असं लिहा."

"पण तो नाही."

"मग नाही असं लिहा. नाही लिहिलं की वाहन अपूर्ण. अपूर्ण वाहन तपासत नाहीत."

ज्याने ही यादी केली तो माणूस निवृत्त होऊन, निवृत्तिवेतन घेऊन, मजेत झोपला असेल. त्याचं एकही काम कधी अडलं नसेल. मी तीन वेळा त्या खिडकीशी गेलो. तिसऱ्या वेळी कारकुनाला माझी दया आली असावी, किंवा कंटाळा आला असावा. त्याने स्वतःच्या अक्षरात लिहिलं : 'डायनामो (सुधारित)'. शिक्का मारला. खोटं, अशुद्ध आणि मंजूर.

पंधरा तारखेला सकाळी दहा वाजता बायकोने गाडी कार्यालयाच्या आवारात आणली. मी शेजारी फाइल घेऊन बसलो होतो. पुढे नऊ गाड्या. थोरले मेहुणे आधीच आले होते, आणि फाटकाशी भंगाराचा ट्रक उभा होता. ट्रकवाला खाली उतरून आमच्या गाडीभोवती एक फेरी मारून गेला. वजनाचा अंदाज घेत होता. बायकोने त्याच्याकडे बघितलं नाही.

"दादा, सकाळी सकाळी ट्रक घेऊन आलास?"

"नाही झाली पास तर परत बोलवायचा त्रास," मेहुणे म्हणाले. "भाऊजी, राग नाही ना?"

"छे," मी म्हणालो. होता.

निरीक्षक बारीक माणूस होता, हातात पुठ्ठा, पुठ्ठ्यावर अर्ज. "इंजिन सुरू. दिवे लावा. पाच मिनिटं मंद व्हायला नकोत." बायकोने इंजिन सुरू केलं, दिवे लावले. लाल दिवा एकदा मोठा झाला आणि विझला. कायमचा विझला. बल्ब गेला. मी काट्याकडे बघितलं, तो अधिककडे झुकला होता, म्हणजे आमच्या गाडीत बॅटरी रिकामी होत होती. समोरच्या भिंतीवरचा दिव्यांचा उजेड पिवळा पडायला लागला.

निरीक्षक दुसऱ्या बाजूचे टायर बघत होते. बायको हळूच म्हणाली, "अहो, करा काहीतरी."

एकतीस वर्षांच्या संसारात हे वाक्य मी पुष्कळदा ऐकलंय, पण त्या दिवशी पहिल्यांदा मला काय करायचं ते माहीत होतं. डिकीतून वायरचा तुकडा काढला, दातांनी सोलला, डॅशबोर्डखाली पालथा झालो, दिव्याची दोन टोकं डायरेक्ट जोडली. काटा टणकन वजाकडे गेला. भिंतीवर उजेड पांढरा झाला. मी वर आलो तेव्हा माझ्या शर्टावर काळा पट्टा होता आणि मी तो पुसला नाही.

निरीक्षकांनी काट्याकडे बोट केलं. "हे वजा दाखवतंय."

"म्हणजे भरतंय, साहेब."

त्यांनी दिव्यांकडे बघितलं, काट्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि खूण केली. "ठीक. बंद करा."

बायकोने चावी फिरवली. इंजिन चालू.

"बंद करा म्हटलं."

"केली, साहेब."

"मग हे काय?"

बायकोने चावी काढून खिडकीतून त्यांच्या हातात दिली. रानगाडी धडधडत होती. निरीक्षक चावीकडे बघत राहिले. "दुसरी चावी आहे?"

"एकच आहे."

"मग ही चाललीय कशावर?"

आणि उभ्या जागी मला माझ्या त्या 'का'चं उत्तर मिळालं. आल्टरनेटर वीज बनवतो, ती माझ्या वायरमधून इंजिनाच्या ठिणगीला जाते, ठिणगीने इंजिन फिरतं, इंजिन आल्टरनेटरला फिरवतं. मधे बल्ब असता तर त्याने वीज रोखली असती. बल्बच्या जागी मी होतो. "स्वतःवरच चाललीय, साहेब," मी म्हणालो. वायर काढायला हात घातला तर ती तापली होती, बोटं पोळली. मी हात परत घेतला.

रांगेतले ड्रायव्हर आता उतरून आले होते. एक म्हणाला, पेट्रोल संपेपर्यंत थांबा. दुसरा म्हणाला, नळीत चिंधी कोंबा. आठवडाभर जिन्यात ऐकलेला आवाज मी लगेच ओळखला. जगात सगळीकडे हीच सहा माणसं आहेत.

मी खिडकीशी वाकलो. "अगं, गिअरमध्ये टाकून क्लच सोड, बंद पडेल."

"मला येते बंद करता," ती पुटपुटली. "परत सुरू होईल याची खात्री देता? शिक्का बसू दे आधी."

खात्री मी दिली नाही. मी तेवढा तरी प्रामाणिक आहे.

निरीक्षक अर्ज वाचत होते. बावीस रकाने. बोट एकेकावरून खाली सरकत होतं. वाहन सुरू होते काय. दिवे. भोंगा. ब्रेक. शेवटच्या रकान्यापर्यंत बोट आलं, मग परत वर गेलं. "बंद होते काय," ते अत्यंत नाइलाजाने म्हणाले, "असा रकाना नाही." आणि त्यांनी लिहिलं : 'वाहन चालू स्थितीत आहे.' शिक्का मारला.

मी आयुष्यभर असल्या सरकारी अर्जांतल्या चुका मोजल्या. त्या दिवशी पहिल्यांदा एका राहून गेलेल्या ओळीचे आभार मानले.

"आता नावावर करायची सही," निरीक्षक म्हणाले. "वाहनाजवळ, माझ्यासमोर. नमुन्याशी जुळली पाहिजे."

मेहुण्यांनी कागद बॉनेटवर ठेवला आणि सही केली. बॉनेट थरथरत होतं. सहीचा आलेख झाला. निरीक्षकांनी मान हलवली. मेहुणे म्हणाले, "भाऊजी, वळा," आणि दुसरा कागद माझ्या पाठीवर ठेवला. ती सहीसुद्धा जुळली नाही.

"तुम्ही पण हलताय, भाऊजी."

"मी उभा आहे नुसता."

"हलताय."

हलत होतो. आता एकच कागद उरला होता. बायकोने निरीक्षकांच्या हातातल्या शिक्क्याच्या कागदाकडे एकदा बघितलं, गाडी वरच्या गिअरमध्ये टाकली, ब्रेक दाबला आणि क्लच सोडला. रानगाडीने एक मोठी उचकी दिली आणि गप्प झाली.

एकदम एवढी शांतता पडली की मेहुणे दचकले. त्यांनी कागद बॉनेटवर सरळ केला, पेन टेकवलं आणि तसेच उभे राहिले.

"कर ना, दादा."

"बाबांनी मला कधी चालवू दिली नाही ही," मेहुणे म्हणाले. कागदाकडे बघूनच म्हणाले. एकसष्ट वर्षांचा माणूस. "मी मोठा होतो. मला म्हणायचे, तू मोडशील. तुला बसवायचे."

"तू कधी मागितलीस?"

"आपण मागावं लागतं का?"

मी तोंड उघडलं नाही, आणि माझ्या हिशेबी ते त्या महिन्यातलं माझं सगळ्यात शहाणपणाचं काम. मेहुण्यांनी सही केली. सावकाश, शेवटच्या टिंबापर्यंत. निरीक्षकांनी नमुन्याशी ताडून बघितली आणि कागद माझ्या फाइलमध्ये टाकला. गाडी तिची झाली.

तिने चावी घेतली, फिरवली. टक्. पुन्हा टक्. एवढ्या वेळात दिवे चालूच राहिले होते, हे दहा-बारा जाणत्या माणसांपैकी एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. बॅटरी बसली होती. मागच्या गाड्यांचे भोंगे सुरू झाले.

"ढकला," बायको म्हणाली. तिने ते शाळेच्या आवाजात म्हटलं.

मी एका बाजूला, मेहुणे दुसऱ्या बाजूला, मधे भंगाराचा ट्रकवाला. लोखंड उचलायची सवय असल्यामुळे खरा जोर त्याचाच होता. मेहुण्यांच्या पॉलिश केलेल्या बुटांखाली खडी सरकत होती. "अजून! अजून, दादा!" आतून आवाज. वीस पावलं, तीस पावलं. मग गाडीने हिसका दिला, धूर सोडला आणि सुरू झाली, आम्ही तिघं एकमेकांवर आदळलो.

ती थांबली नाही. थांबली असती तर परत ढकलावी लागली असती. आवारात एक वळसा घेतला, आमच्यासमोरून गेली, खिडकीतून हात बाहेर काढून ओरडली, "घरी या!" ते मला होतं की भावाला, की दोघांना, ते कळलं नाही. भोंगा एकदा दिला. गरज नव्हती. फाटकातून डावीकडे वळली आणि दिसेनाशी झाली.

मी फाइल घेऊन उभा. मेहुणे बुटांकडे बघत उभे. दोघांनाही दम लागलेला.

ट्रकवाला हात झटकत जवळ आला. "साहेब, सकाळपासून ट्रक उभा केलाय. आता उचलायचं काय?"

मेहुण्यांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे बघितलं.

"आम्हा दोघांना," मेहुणे म्हणाले.